आजारी पडलो नाही म्हणून मी पैसे परत मागितले

किडनीच्या ओपीडीत बाकावर बसलं की शेजारचा माणूस पाच मिनिटांत विचारतोच, "तुमचं कसं काय झालं?" सुरुवातीचे काही महिने मी सांगायचो, "दुखण्याच्या गोळ्यांमुळे. कंबर दुखायची, खात राहिलो." ऐकणारा हळहळायचा. मलाही बरं वाटायचं, कारण या उत्तरात दोष गोळ्यांचा होता.

हे उत्तर खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं सांगायची लाज वाटते. आणि कुणाच्या उपयोगी पडलंच तर तेच पडेल, म्हणून लिहितो आहे.

*

मी बुऱ्हाणपूरचा. वय त्रेपन्न. वीज कंपनीच्या ऑफिसात बिलांच्या तक्रारींच्या खिडकीवर बसतो. समाजाच्या कार्यकारिणीत आहे, आणि चार लोकांत बरा बोलतो असं लोक म्हणायचे. मलाही तसंच वाटायचं.

आमच्या मोहल्ल्यात डॉ. शुभदा यांचा दवाखाना आहे. सरकारी नोकरी सोडून त्या इथे आल्या. पहिली दोन वर्षं त्यांनी इतरांसारखाच दवाखाना चालवला. आला पेशंट, घेतली फी. मग एकदा त्या समाजाच्या हॉलमध्ये आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही आजारी पडलात तरच मला पैसे मिळतात. धडधाकट राहिलात तर मिळत नाहीत. यात काहीतरी उलटं आहे असं मला रोज वाटतं."

त्यांची योजना साधी होती. प्रत्येक घराने वर्षातून एकदा, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माणशी ठरलेली रक्कम द्यायची. मग वर्षभरात वीस वेळा या नाहीतर एकदाही येऊ नका, फी नाही. घराची एक फाइल. इंदूर, खंडवा, जळगाव, कुठेही दाखवलं तरी कागद त्या फाइलीत लागणार आणि डॉक्टरबाई ते सगळे एकत्र वाचणार. गरज पडली तर तिकडच्या डॉक्टरशी फोनवर बोलणार. ज्यांना बीपी, शुगर आहे त्यांच्या मागे लागायला रेखा नावाची नर्स ठेवली होती. औषधं आणि बाहेरच्या तपासण्या तेवढ्या वेगळ्या.

दिवस आखाजीचा निवडला, कारण आमच्याकडे शेतावरचा सालदार, वर्षभराचा गडी, त्याच दिवशी ठरतो. वर्षाचं बोलणं एकदा झालं की झालं. समाजात निम्म्या लोकांच्या जसोंडी गावाकडे केळीच्या बागा आहेत. त्यांना वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

आमच्या घरातून नावं सुनंदाने, माझ्या बायकोने, लिहून दिली. पहिल्याच आठवड्यात आमचं रक्त, लघवी, वजन, बीपी, सगळं तपासून फाइलीत लागलं. माझं बीपी वाढलेलं निघालं. बाकी सगळं ठीक.

*

कंबर मात्र दुखायची. खुर्चीवर बसून बसून धरली होती. मी डॉक्टरबाईंकडे गेलो आणि म्हणालो, "एक सुई मारून द्या."

त्यांनी मला पालथं झोपवलं, पाय उचलून पाहिले, अर्धा तास घेतला. मग सुई दिलीच नाही. व्यायाम दाखवले, बीपीची गोळी दिली आणि सांगितलं, "दुखण्याच्या गोळ्या रोज खाऊ नका. तुमचं बीपी आहे, किडनीला सोसणार नाही."

बाहेर पडताना माझ्या मनात काय आलं ते खरं लिहितो. मनात आलं, पैसे आधीच मिळालेत, आता हात आखडता घेते आहे. सुई दिली काय, न दिली काय, तिला मिळायचं ते मिळालं. मी सरळ मेडिकलवर गेलो. "भैया, वो दर्द वाली पत्ती देना." त्याने गोळ्यांची पट्टी दिली. पुढे जवळजवळ दीड वर्ष देत राहिला.

रेखाचे फोन यायचे. "भाऊ, रविवारी येऊन जा. बीपी बघायचंय."

"मला काही झालं आहे का?"

"काही झालं नाही, म्हणून तर बोलावते."

"झालं की येईन."

"झाल्यावर तर सगळेच येतात, भाऊ."

मी फोन ठेवायचो. बीपीच्या गोळ्या संपल्या त्या पुन्हा आणल्या नाहीत.

*

दुसऱ्या वर्षाच्या आखाजीआधी समाजाची बैठक झाली. पुढच्या वर्षाची रक्कम बहुतेकांनी आधीच भरली होती, मीही भरली होती. योजना चालू ठेवायची का, यावर चर्चा होती. मी उठलो.

"मी गेलं वर्षभर आजारी पडलो नाही," मी म्हणालो. "देवाची कृपा. पण मग माझे पैसे गेले कुठे? सालदार ठेवला तर तो रोज बांधावर दिसतो. आमची सालदारीण वर्षभरात एकदा माझ्या दारात दिसली नाही. उलट मालकालाच हाका मारते."

हॉल हसला. मागून कुणीतरी म्हणालं, "मधूभाऊ, मग तिला औताला जुंपा." आणखी हसले. मीही हसलो.

डॉक्टरबाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. मला ते माहीत होतं.

पहिल्या रांगेत काशिनाथ गुरुजी होते. त्यांनी मला सहावी ते आठवी गणित शिकवलं. गुरुजींना बीपी होतं आणि ते योजनेत होते. मी बोलत असताना ते मान डोलावत होते आणि त्या मान डोलावण्याने मला जोर चढत होता.

डॉक्टरबाई उभ्या राहिल्या. "मधुकरभाऊंचा प्रश्न रास्त आहे," त्या म्हणाल्या. "आगाऊ पैसे घेणारा डॉक्टर काम टाळू शकतो. तुम्ही लक्ष ठेवलंच पाहिजे. पण सुईचे पैसे घेणारा डॉक्टर नको तिथे सुई मारू शकतो, त्याच्यावर कुणी लक्ष ठेवत नाही. ज्यांना रक्कम परत हवी असेल त्यांनी उद्या दवाखान्यात या."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला मी गेलो. सुनंदाचं नावही कापून आणलं, तिला न विचारता. डॉक्टरबाईंनी पाकीट दिलं आणि म्हणाल्या, "फाइल नेता का?"

"कागद घेऊन काय करू. राहू द्या तुमच्याकडे."

घरी आल्यावर सुनंदाने विचारलं, "तुमच्या खिडकीवर लोक फिक्स चार्जवरून भांडतात, तेव्हा त्यांना काय सांगता?"

मी रोजचं उत्तर दिलं. "घर बंद असलं तरी तार दारापर्यंत आणून ठेवलेली असते. तिचे पैसे."

ती तेवढं ऐकून आत गेली. मला त्या दिवशी कळलं नाही की तिने उत्तर माझ्याकडूनच वदवून घेतलं होतं. वीस वर्षं मी खिडकीतून जे लोकांना समजावत आलो, ते माझ्या स्वतःच्या शरीराला लागू होतं, हे मला सुचलं नाही.

*

परत मिळालेल्या पैशांत भर घालून मी इंदूरला एका लॅबमध्ये पूर्ण शरीराच्या तपासणीचं पॅकेज केलं. सत्तर-ऐंशी तपासण्या, चकचकीत पुस्तिका. पैशाचं चीज दिसत होतं. पुस्तिकेत दोन-तीन आकडे लाल होते.

आता ते दाखवायचे कुणाला, हा प्रश्न आला. कंबरेच्या डॉक्टरने कंबरेचं पान पाहिलं. पोटाच्या डॉक्टरने पोटाचं. एक वैद्य होते, त्यांनी नाडी पाहिली आणि काढा दिला. प्रत्येकाला मी फी दिली, प्रत्येकाने आपल्यापुरतं नीट पाहिलं. किडनीच्या पानावरचा लाल आकडा मी स्वतः गुगलवर शोधला, त्यात पाणी कमी प्यायल्याने वाढतो असंही लिहिलं होतं. मी पाणी वाढवलं आणि पुस्तिका टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवली.

गोळ्या चालूच होत्या.

*

दिवाळीनंतर पाय सुजले. बुटाची नाडी बसेना. मग अन्नावरची वासना गेली, आवडत्या दराबा मिठाईचा वाससुद्धा सहन होईना. एका पहाटे मी पलंगावर उठून बसलो तो झोपताच येईना, आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं. सुनंदाने शेजाऱ्यांची गाडी काढायला लावली आणि आम्ही इंदूरला गेलो.

तिथल्या मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. सुनंदाने पिशवी उलटी केली. पाच डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, पुस्तिका, काढ्याची बाटली, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. त्याने पट्ट्या एकेक करून टेबलावर लावल्या.

"ये सब एक साथ ले रहे थे?"

"हाँ."

"ये रिपोर्ट छह महीने पुरानी है. इसमें किडनी का लिखा है. किसी ने बताया नहीं?"

त्याने लाल आकड्याखाली रेघ मारली.

"कोई एक डॉक्टर है आपका, जिसने ये सारे कागज एक जगह देखे हों?"

मी सुनंदाकडे पाहिलं. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "एक थी."

माझं निदान त्या दिवशी झालं असं सगळे म्हणतात. माझ्यासाठी ते निदान या दोन शब्दांत झालं. पुढचं, किडन्या जवळपास बंद आहेत, डायलिसिस लावावं लागेल, हे मी लांबून ऐकल्यासारखं ऐकलं.

*

डायलिसिसबद्दल फार लिहीत नाही. मानेत नळी घालतात. चार तास पडून राहायचं आणि आपलं रक्त लाल दोरीसारखं मशीनमध्ये जाताना बघायचं. संपलं की थंडी वाजते. दिवसभराचं पाणी मोजून मिळतं. मला एक नर्स कधी कधी बर्फाचा खडा आणून द्यायची आणि म्हणायची, "चूसो, अंकल, निगलना नहीं." त्या खड्यासाठी मी सकाळपासून वाट बघायचो. एवढा मोठा माणूस, बर्फाच्या खड्यासाठी.

शेजारच्या पलंगावर असीरगढकडचे एक शेतकरी होते. ते कायमचे डायलिसिसवर होते. त्यांनी मला विचारलं, "तुमचं सुटेल का?" मला माहीत नव्हतं. डॉक्टरलाही माहीत नव्हतं. तो म्हणायचा, "हा बिघाड जुना आहे की आत्ताचा, ते कळायला हवं. आत्ताचा असेल तर किडनी पुन्हा चालू होऊ शकते. जुना असेल तर तयारी ठेवा." जुना एखादा रिपोर्ट आहे का, असं तो रोज विचारायचा.

सुनंदा दोन पलंगांच्या मधे जमिनीवर सतरंजी टाकून झोपायची. तिने मला एका शब्दाने टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं. एकदाच, माझ्या पायाला तेल लावताना, ती म्हणाली, "माझं नाव कापताना निदान मला विचारायचं तरी." मी भिंतीकडे तोंड केलं आणि झोपल्याचं सोंग घेतलं.

चौथ्या दिवशी, मोहल्ल्यात बातमी पोचल्यावर, तिच्या फोनवर रेखाचा फोन आला. सुनंदाने माझ्या कानाला लावला.

"भाऊ, कसं वाटतंय?"

"रेखा, आम्ही आता तुमच्याकडे नाही."

"माहीत आहे मला. नाव मीच कापलं होतं. जुनी फाइल आहे ना आमच्या कपाटात. मॅडम म्हणतात, तिथल्या डॉक्टरांचा नंबर द्या."

दुपारी डॉक्टरबाईंनी इंदूरच्या डॉक्टरला फाइलीतले कागद पाठवले आणि त्याच्याशी बराच वेळ बोलल्या. योजनेच्या पहिल्या आठवड्यातली ती रक्ततपासणी, जी आम्ही दोघंही विसरलो होतो, तीत माझी किडनी चांगली होती. बिघाड नंतरचा होता. गोळ्यांचा, वाढलेल्या बीपीचा, काढ्याचाही असेल. डॉक्टर पलंगापाशी आला आणि पहिल्यांदाच हसला. "उम्मीद है," म्हणाला.

ती फाइल मी नेली असती तर रद्दीत गेली असती. मी नेली नाही, तीही माजामुळे. माझं जगणं माझ्या शहाणपणावर टिकलेलं नाही, हे मी कुणालाही सांगू शकतो.

सात डायलिसिसनंतर नळी निघाली. किडन्या पूर्ण सुधारल्या नाहीत, पुरेशा सुधारल्या. शेजारचे शेतकरी मला निरोप देताना म्हणाले, "आप तो बच गए." त्यात हेवा नव्हता. म्हणूनच मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

*

बुऱ्हाणपूरला परत आलो आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंकडे गेलो. बोलायचं पाठ करून गेलो होतो. "ताई, मी त्या दिवशी सभेत..."

"माफी नंतर," त्या म्हणाल्या. "गोळ्यांची पिशवी आणली का?"

त्यांनी एकेक गोळी पाहिली, दोन बंद केल्या, इंदूरला फोन करून विचारून घेतलं. मग वर न बघता म्हणाल्या, "गुरुजींचं कळलं का?"

मला कळलं नव्हतं. घरच्यांनी मुद्दाम सांगितलं नव्हतं. मी इंदूरला असताना गुरुजींना झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचाही बरीचशी गेली.

सभेनंतर त्यांनीही नाव काढून घेतलं होतं. रेखाचे फोन बंद झाले. दोन महिन्यांनी त्यांच्या बीपीच्या गोळ्या संपल्या, आणि काही त्रास वाटत नव्हता म्हणून त्यांनी पुन्हा आणल्या नाहीत. त्यांच्या सूनबाईने योजना सोडायला विरोध केला होता. ते तिला म्हणाले होते, "मधूने गणित मांडलं आहे. माझ्या हाताखालचा पोरगा आहे तो."

हे मला सूनबाईनेच सांगितलं, त्यांच्या ओट्यावर उभं राहून. आवाज चढवला नाही. "या ना भाऊ, आत या," म्हणाली. मी आत गेलो नाही. तब्येतीचं कारण सांगून परत फिरलो. असा मी भित्रा.

*

या वर्षी आखाजीआधी पुन्हा बैठक झाली. घरं निम्मी उरली होती. डॉक्टरबाईंनी सांगितलं की एवढ्या घरांत रेखाचा पगार निघत नाही, आणि रेखा नसेल तर फक्त दवाखाना उरतो, योजना उरत नाही. खंडव्याच्या एका दवाखान्याने त्यांना बोलावलं होतं. त्या जायच्या होत्या.

मी उठलो. सुनंदा बायकांच्या बाजूला बसली होती. गेल्या वेळी जिथे उभा होतो तिथेच उभा राहिलो.

"गेल्या वर्षी मी विचारलं होतं, आजारी पडलो नाही तर पैसे गेले कुठे," मी म्हणालो. "ते रेखाच्या फोनमध्ये गेले होते. मी फोन उचलायचो आणि ठेवून द्यायचो. मला हवी असलेली सुई डॉक्टरबाईंनी दिली नाही म्हणून मी इथे तुम्हाला हसवलं. माझं काय झालं ते तुम्ही पाहिलं. गुरुजींचं काय झालं तेही पाहिलं. माझं मी केलं. गुरुजींचंही मीच केलं."

मग मागून आवाज आला, गेल्या वर्षी औताचं बोललेलाच माणूस. "आता तुला गरज पडली म्हणून आम्ही भरायचं का, मधूभाऊ?"

याचं उत्तर मी पाठ केलं नव्हतं. "हो," मी म्हणालो. "मला गरज आहे. डॉक्टरबाई एकट्या माझ्या पैशांवर राहू शकत नाहीत. तुम्ही धडधाकट आहात, तुम्ही भरलं तर मला डॉक्टर मिळतो. उद्या तुम्ही पडाल तेव्हा मी भरत असेन. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही."

तो बसला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नावं लिहायला लोक उठले, ते एकदम नाही, एकेक करून, आणि मला टाळून बाजूने गेले. सगळी घरं परत आली नाहीत. डॉक्टरबाईंनी यादी दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "एक वर्ष बघू." गुरुजींचं नाव सूनबाईने लिहिलं.

*

फाइल आता घरोघरी असते, आणि तपासलं की आकडा घरच्यांसमोरच लिहायचा असा नियम झाला आहे. हे डॉक्टरबाईंनी ठरवलं. लक्ष ठेवायचं तर लोकांच्या हातात काहीतरी हवं, असं त्यांचं म्हणणं.

गुरुवारी ऑफिस सुटल्यावर मी रेखाबरोबर चार-पाच घरी जातो. ती तपासते, मी लिहितो. पहिल्या गुरुवारी गुरुजींच्या घरात मी रेखाच्या मागून शिरलो. मी त्यांच्या पलंगापाशी बसलो आणि सांगितलं. सभेत बोललो ते सगळं, आणि ओट्यावरून पळालो तेही. त्यांनी ऐकलं. डोळे माझ्यावर होते.

रेखाने त्यांच्या डाव्या दंडाला पट्टा बांधला. मशीन थांबलं, तिने आकडा सांगितला, मी फाइलीत लिहिला आणि फाइल मिटायला गेलो. गुरुजींनी पट्ट्यासकट हात पुढे करून फाइलीवर ठेवला. मला कळेना. मग त्यांनी एका बोटाने मशीनकडे खूण केली. मी मशीन उचलून त्यांच्या तोंडासमोर धरलं. त्यांनी त्यावरचा आकडा वाचला. मग मी लिहिलेला वाचला. पुन्हा मशीनवरचा वाचला. मग हात काढून घेतला.

दर गुरुवारी असंच होतं. आता मी त्यांनी खूण करायची वाट बघत नाही. आधी मशीन त्यांच्याकडे वळवतो, मग लिहितो, आणि ते दोन्ही ताडून पाहीपर्यंत फाइल उघडी धरून बसतो.